शाळेच्या घंटेचा रंग



कोल्हापुरात एखादी मैफल चांगली झाली, की मांडवातून बाहेर पडणारा माणूस शेजाऱ्याला काय म्हणतो? "आज गाणं काय रंगलं हो!" असे म्हणतो. गाणे ऐकायचे कानांनी आणि ते रंगले असे सांगायचे, ही तशी गंमतच आहे. पण आपल्याला ती कधी खटकत नाही. कीर्तनकार रंगात येतात, कुस्तीच्या फडात हलगी रंग भरते, तमाशाचा फड रंगतो. आवाजाला तर आपण जाड म्हणतो, बारीक म्हणतो, धारदार, खरखरीत, कोरडा, फाटका म्हणतो. वास्तविक जाडी-बारकी दोरीची, धार विळ्याची, फाटणे कापडाचे. आवाजाला यातले काय लागू? पण "त्याचा आवाज फाटका आहे" असे म्हटल्याबरोबर अगदी निरक्षर माणसालाही ते बरोबर कळते.

संस्कृतात याची मुळे आणखी खोल गेलेली आहेत. गाण्यातला 'राग' हा शब्द 'रञ्ज्' या धातूपासून आला. त्याचा अर्थ रंगणे, रंगवणे. 'वर्ण' म्हणजे रंग, वर्ण म्हणजे तोंडातून निघणारे अक्षर, आणि संगीतशास्त्रात वर्ण म्हणजे गाण्याची चाल: स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी. डोळ्यांनी पाहायची गोष्ट आणि कानांनी ऐकायची गोष्ट यांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला.

पण श्रोतेहो, ही झाली बोलण्याची रीत. "गाणे रंगले" म्हणणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे तांबडे-पिवळे काही दिसत नसते. आज मी बोलणार आहे ते, ज्यांना खरोखरच दिसते अशा माणसांविषयी. टाळ वाजला की ज्यांना पिवळे टोक दिसते, मृदंगावर थाप पडली की ज्यांच्या अंगाला काही तरी खरबरीत लागते, अशी माणसे जगात आहेत. त्यांतले एक माणूस माझ्या घरात होते आणि मला ते पंचवीस वर्षे कळले नाही. ते माणूस म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्या परवानगीनेच हे सांगतो आहे.

आमचे गाव पन्हाळ्याच्या पायथ्याशी. दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजन असायचे आणि आमचे आबा पेटी वाजवायचे. बहीण तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. भजन चालू असताना तिने मला कोपराने ढोसले आणि विचारले, "दादा, टाळ पिवळा हाय न्हवं?"

मी म्हणालो, "पितळेचा टाळ पिवळाच असणार की."

"टाळ न्हवं रे, टाळाचा आवाज."

"आणि मृदंगाचा?"

"त्यो तपकिरी. घोंगडीगत. टोचतोय."

मी हसलो आणि विसरून गेलो. लहान मुले काहीही बोलतात, असे आपण धरून चालतो.

पुढे ती चौथीत असताना गुरुजींनी 'आमची शाळा' हा निबंध घातला. शाळेत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. बहिणीने निबंधात लिहिले, "आमच्या शाळेची घंटा नारिंगी वाजते." गुरुजींनी वही वर धरून सगळ्या वर्गाला वाचून दाखवले आणि विचारले, "रुळाचा तुकडा काळा का नारिंगी?" ती म्हणाली, "तुकडा काळा, आवाज नारिंगी." गुरुजींना वाटले, पोर उलट उत्तर देते आहे. हातावर दोन छड्या बसल्या आणि वहीवर तांबड्या शाईत शेरा आला, "खोटे लिहू नये." पोरांनी तिचे नाव 'नारिंगी' पाडले. मी त्याच शाळेत सातवीत होतो. ते नाव मोठ्याने हाकारणाऱ्यांत मीही होतो, आणि घरी येऊन ती सारी हकीकत मीच सर्वांना रंगवून सांगितली.

गुरुजी दुष्ट नव्हते, चांगले शिकवणारे होते. पण असे काही असते हे त्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. एवढे मात्र खरे, की त्या दिवसापासून बहिणीने आवाजाच्या रंगाविषयी घरात किंवा दारात एक अक्षर काढले नाही.

आता मधली वर्षे सोडून देतो. सात-आठ वर्षांपूर्वी दिवाळीत ती भाऊबीजेला आली होती. मला महाविद्यालयात 'संगीतरत्नाकर' या ग्रंथावर काही टिपण करायचे होते आणि सोप्यात बसून मी आबांना त्यातला एक भाग सांगत होतो. हा ग्रंथ महाराष्ट्रातला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण राज्य करीत होता. पन्हाळ्याच्या शिलाहार भोज राजाचा पराभव करून आपला हा मुलूख ज्याने यादवांच्या राज्याला जोडला, तोच हा सिंघण. त्याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा मोठा अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. हिशेबाच्या खात्याचा कारभार सांभाळता सांभाळता या माणसाने संगीतावर सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्यात प्रत्येक स्वराची देवता सांगितली आहे, ऋषी सांगितला आहे, कोणत्या प्राण्याच्या आवाजाशी तो जुळतो तेही सांगितले आहे. मोराचा षड्ज, कोकिळेचा पंचम वगैरे. आणि त्याबरोबरच स्वरांचे रंगही दिलेले आहेत. षड्ज कमळाच्या रंगाचा, ऋषभ पिवळट तांबूस, गांधार सोन्यासारखा, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद अनेक रंगांचा मिळून कबरा.

मी हे वाचून दाखवत होतो. बहीण चुलीपाशी चकल्या तळत होती. कढईतली चकली उलटता उलटता ती तिथूनच म्हणाली, "चुकलंय ते पुस्तक."

मी विचारले, "का गं?"

"आबांच्या पेटीवरचा सा राखाडी असतोय. ओल्या पाटीगत."

एवढे बोलून ती एकदम गप्प झाली, आणि तिने माझ्याकडे असे पाहिले की मला रुळाचा तो तुकडा आठवला. पंचवीस वर्षांनी आठवला. त्या रात्री आम्ही दोघे सोप्यात बसलो आणि तिने पहिल्यांदा सगळे सांगितले.

श्रोतेहो, या गोष्टीला इंग्रजीत सिनेस्थेशिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ, बरोबरीने जाणवणे. आपण सहसंवेदना म्हणू. एका इंद्रियाला काही जाणवले की त्याच्या सोबतीला दुसऱ्या इंद्रियाची जाणीव आपोआप उठते. कोणाला आवाजाबरोबर रंग दिसतो, कोणाला आकार, कोणाला मऊ-खरबरीत असा स्पर्श. कोणाची अक्षरे आणि आकडे रंगीत असतात. कोणाला सोमवार निळा आणि गुरुवार तपकिरी वाटतो.

शास्त्रज्ञांच्या नजरेत ही गोष्ट पहिल्यांदा आली ती १८१२ साली. जर्मनीत गेओर्ग साक्स नावाच्या तरुण वैद्याने पदवीसाठी प्रबंध लिहिला. विषय होता त्याच्या स्वतःच्या आणि त्याच्या बहिणीच्या जन्मजात पांढऱ्या कातडीचा. त्यात जाता जाता त्याने नोंदवून ठेवले, की अक्षरे, आकडे, वार आणि संगीताचे स्वर यांना त्याच्या मनात रंग आहेत. पुढे १८८३ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडिताने अशा पुष्कळ लोकांच्या हकीकती एकत्र करून छापल्या आणि दाखवून दिले, की हे बहुधा घराण्यात चालत येते.

पण एखादा माणूस म्हणतो मला दिसते, आणि दुसऱ्याला तर काहीच दिसत नाही. मग खरे-खोटे करायचे कसे? गुरुजींची अडचण हीच होती. यावर युक्ती निघाली ती फार साधी आहे. एखाद्याने मनाने बनवून सांगितलेले त्याच्या लक्षात राहत नाही. खरोखर दिसलेले दर वेळी तेच असते. इंग्लंडमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परीक्षा घेतली. सहसंवेदना असलेल्या माणसांना शब्द ऐकवून त्यांचे रंग विचारले आणि वर्षभराने न कळवता पुन्हा विचारले. शंभरातली नव्वदांहून अधिक उत्तरे तीच आली. इतर माणसांना आठवड्यानेच विचारले, तर त्यांची चाळिसांपेक्षाही कमी जुळली. हे १९९३ साली प्रसिद्ध झाले.

मग मीही घरच्या घरी तोच प्रयोग केला. पेटीचे काही सूर, टाळ, तांब्यावर मारलेली टिचकी, सायकलची घंटी, म्हशीचे रेकणे, गुऱ्हाळावरचे इंजिन, असे चोवीस आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले. बहिणीला ऐकवले आणि तिने सांगितलेले रंग वहीत लिहिले. मी स्वतःही प्रत्येक आवाजाला मनाला येईल तो रंग देऊन लिहून ठेवला. वही कपाटात कुलपात टाकली. पुढल्या दिवाळीला तेच आवाज उलटसुलट क्रमाने वाजवले. बहिणीचे तेवीस जुळले. चोविसावा पूर्वी तिने तपकिरी सांगितला होता, आता विटकरी म्हणाली. माझे सात जुळले, आणि त्यांतही म्हशीला मी काळी म्हटले होते. त्यात माझ्या कानांचे कर्तृत्व काही नाही!

या विनोदातच एक मुद्दा आहे. म्हशीचा आवाज ऐकून मला काळा रंग सुचला, कारण म्हैस काळी असते. ही आठवण झाली. जोतिबाच्या चैत्र यात्रेत ढोल-पिपाणीच्या गजरात गुलालाची उधळण होते. ज्याने ती पाहिली आहे त्याला ढोल ऐकला की डोंगरावरचा गुलाबी गुलाल आठवणारच. तीही आठवण. आपले गायक म्हणतात, "माझी पट्टी काळी चार," "बाईंची पांढरी पाच." तो तर पेटीच्या पट्ट्यांचा रंग, सुराचा त्यात काही संबंध नाही. सहसंवेदना या सर्वांहून निराळी. तिला कारण सांगता येत नाही. रुळाचा तुकडा काळा आणि त्याचा आवाज नारिंगी, यात आठवण कुठली? ती मागून येत नाही आणि नको म्हटल्याने जात नाही.

मग शार्ङ्गदेवाचे काय? त्याला स्वरांचे रंग दिसत होते काय? ग्रंथावरून पाहता हा भाग परंपरेने आलेला दिसतो. त्याच्या पूर्वीच्या 'नारदीय शिक्षा' या ग्रंथातही स्वरांचे जवळजवळ हेच रंग आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांनाही असेच रंग नेमून दिले आहेत: शृंगार श्यामवर्ण, हास्य पांढरा, रौद्र तांबडा, अद्भुत पिवळा. ही शास्त्राची मांडणी झाली. शिष्याने पाठ करावी आणि सर्वांनी एकच मानावी, अशी. सहसंवेदना असलेल्यांचे तसे नसते. त्यांच्यांत कोणा दोघांचे रंग सहसा जुळत नाहीत. रशियात रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रियाबिन हे दोन मोठे संगीतरचनाकार होऊन गेले. दोघेही सप्तकांना रंग सांगत. आपल्या पेटीवर पांढऱ्या एकपासून निव्वळ पांढऱ्या पट्ट्यांवर बिलावलाचे जे सप्तक वाजते, ते रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरे वाटे आणि स्क्रियाबिनला तांबडे. तेव्हा माझ्या बहिणीने "चुकलंय ते पुस्तक" म्हटले, त्यात शार्ङ्गदेवही चुकला नव्हता आणि तीही चुकली नव्हती. एक शास्त्र सांगत होता, दुसरी स्वतःला काय दिसते ते सांगत होती.

मात्र शार्ङ्गदेवाची आणि आवाजाचे रंग पाहणाऱ्या एका माणसाची गाठ पुढे सातशे वर्षांनी पडली, तीही फार विलक्षण जागी. फ्रान्समध्ये ओलिव्हिए मेसियाँ नावाचा थोर संगीतकार होऊन गेला. १९०८ साली जन्मला, १९९२ साली वारला. त्याला स्वरसमूह ऐकताना, किंवा कागदावरची स्वरलिपी वाचतानासुद्धा, मनाच्या डोळ्यांपुढे रंग दिसत. या माणसाने तरुणपणी 'संगीतरत्नाकरा'तले एकशेवीस देशी ताल पाहिले आणि त्यांचा ध्यास घेतला. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती सापडला. ग्योर्लिट्झ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने चार वाद्यांसाठी एक रचना केली आणि १९४१ सालच्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, ती कैद्यांपुढे वाजवली. तिच्या पहिल्याच भागात रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे देवगिरीच्या ग्रंथातले तीन ताल आहेत. आपल्या मराठी मुलुखात लिहिलेली विद्या कुठे जाऊन उभी राहिली पाहा!

आता, हे होते कशाने? मी भाषा शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. तरी जाणकारांचे म्हणणे समजले तसे सांगतो. मेंदूत पाहण्याचे, ऐकण्याचे, स्पर्शाचे भाग निरनिराळे असतात, पण त्यांच्यामध्ये तंतूंची ये-जा असते. एक मत असे, की काहींच्या मेंदूत या वाटा इतरांपेक्षा जास्त राहिलेल्या असतात. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पाणी शेजारच्या वाफ्यात उतरावे, तसे एका भागातले चलन दुसऱ्यात उतरते. दुसरे मत असे, की वाटा सर्वांनाच सारख्या असतात. फक्त बहुतेकांच्या मेंदूत त्यांवर दार लोटलेले असते आणि यांच्या मेंदूत ते उघडे राहते. २०१८ साली तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कुटुंबांत आवाजाचा रंग दिसणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांच्यांत मेंदूतले तंतू वाढण्याशी संबंध असलेल्या काही जनुकांत फरक सापडले. म्हणजे घराण्यात चालते हे गाल्टनचे म्हणणे खरेच ठरले.

अशी माणसे किती असतात? ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सहसंवेदनेचा कोणता ना कोणता प्रकार असलेली माणसे शंभरात सुमारे चार निघाली. रंगीत वारांचा प्रकार त्यांत सर्वांत जास्त. आवाज-रंगाचा त्याहून कमी. त्या हिशेबाने पन्नास मुलांच्या वर्गात असे एखाद-दुसरे मूल बसलेले असायचेच. शिक्षक मित्रहो, ते तुमच्याही वर्गात असेल, आणि बहुधा गप्प बसलेले असेल.

आणि खरे सांगायचे तर याचा थोडासा अंश आपल्या सर्वांतच आहे. आत्ताच पाहा. कागदावर दोन आकृत्या काढा. एक ढगासारखी गोलगोल, दुसरी निवडुंगासारखी टोकाटोकांची. एकीचे नाव 'बूबा' आणि दुसरीचे 'किकी'. कोणती कोणाची? तुमच्यापैकी बहुतेकांनी गोल आकृतीला बूबा म्हटले असेल. या प्रकारची परीक्षा प्रथम कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली सांगितली. पुढे मूळचे आपल्या तामिळनाडूचे शास्त्रज्ञ विलायनूर रामचंद्रन यांनी २००१ साली ती जगापुढे आणली. २०२१ साली पंचवीस भाषा बोलणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा शंभरात सुमारे बहात्तर जणांनी हीच जोडी लावली. उंच आवाजाला फिका रंग आणि खर्जाला गडद रंग, असेही बहुतेक सर्वजण मानतात. सहसंवेदना असलेले आणि नसलेले, दोघेही.

आपल्या शेजारी मिरजेला जा. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवणारे कारागीर आहेत. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून ते जवारी लावतात. धागा केसभर इकडचा तिकडे झाला की तारेचा सगळा झंकार बदलतो. त्यांची भाषा ऐका: ही जवारी 'खुली', ही 'गोल'. आवाजाला गोल म्हणताना त्यांना शंका येत नाही, आणि ऐकणाऱ्या गवयालाही येत नाही. खाँसाहेब अल्लादियाखाँ यांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने जिथे गाणे वाढवले आणि बाबूराव पेंटरांनी जिथे पडदे रंगवले, त्या कोल्हापूरला लोक कलापूर म्हणतात. सूर आणि रंग यांचा शेजार आपल्याला नवा नाही. मग त्याच गावच्या पंचक्रोशीत एखाद्या मुलीने "आवाज नारिंगी आहे" म्हटले, तर आपण तिला खोटी का ठरवावी?

शिक्षकांना आणि आई-बापांना मला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, मूल असे काही बोलले तर हसू नका, रागावू नका. "बरं, आणखी कशाचा रंग दिसतो?" एवढे विचारा. मूल बनवून सांगत असेल तर पुढल्या महिन्यात रंग बदलतील, त्यात बिघडले काय? आणि खरे असेल तर ते तेच सांगेल.

दुसरी, हा रोग नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. देवऋषाकडे नेऊ नका, अंगारे-धुपारे करू नका. लहानपणापासून असलेल्या या गोष्टीला औषध लागत नाही. मात्र मोठ्या माणसाला पूर्वी कधी नसताना एकाएकी आवाजाबरोबर प्रकाश किंवा रंग दिसू लागले, डोके दुखू लागले, तर ती गोष्ट वेगळी. त्याने डॉक्टरला दाखवावे.

तिसरी, याचा चमत्कारही करू नका. पाहुण्यांपुढे उभे करून "हिला विचारा, रंग सांगते" असा खेळ मांडू नये. असे मूल विशेष बुद्धिमान असते असेही नाही. काहींना या रंगांमुळे पाढे, नावे किंवा सूर लक्षात ठेवायला सोपे जाते. काहींना उलट त्रास होतो. गलक्यात डोळ्यांपुढे गर्दी होते. ज्याच्या मनातला 'क' हिरवा आहे त्याला फळ्यावर तांबड्या खडूने काढलेला 'क' बोचतो. मूल अडखळले तर हेही एक कारण असू शकते, एवढे ध्यानात असू द्या.

चौथी, वर्षातून एखाद्या शनिवारी सगळ्या वर्गाला डोळे मिटायला सांगा. घंटा वाजवा, टाळ वाजवा, पाटीवर पेन्सिल ओढा, आणि मग ऐकलेले कागदावर रंगवायला सांगा. यात चूक-बरोबर काही नाही. सर्वांना मौज वाटेल, आणि जे मूल गप्प बसलेले आहे त्याला बोलायला जागा मिळेल.

बहीण आता संसारात आहे. तिच्या घरचे गुऱ्हाळ आहे. घाण्याचे इंजिन चालू असले की तिला राखी पट्टा दिसतो, आणि पट्ट्यात मध्येच खाचा दिसू लागल्या की ती घरधन्याला सांगते, इंजिन बघा. तो आता वाद घालत नाही, बघून येतो.

पण हे भाषण करावे असे मला वाटले, त्याचे कारण दुसरेच आहे. माझी भाची यंदा चौथीत गेली. गेल्या महिन्यात सातचा पाढा म्हणता म्हणता ती मध्येच थांबली आणि आईला म्हणाली, "आई, सात हिरवा हाय न्हवं?" बहिणीने मला हे फोनवर सांगितले. मी विचारले, "मग तू काय म्हणालीस?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मी तिला म्हटलं, होय बाई, पण शाळेत बोलू नगस."

श्रोतेहो, तिच्या गुरुजींना किंवा बाईंना मी ओळखत नाही. ते हे ऐकत असतील किंवा नसतील. तुम्ही मात्र ऐकता आहात, आणि तुमच्या शाळेतही एक चौथीचा वर्ग आहे. उद्या घंटा झाल्यावर एखाद्या पोराने तिचा रंग सांगितला, तर त्याला एवढेच विचारा, "कुठला नारिंगी रे? पिकल्या संत्र्याचा, का झेंडूच्या फुलाचा?"